कोयनेलची साखळी

हिवतापावरचे औषध म्हटले की आपल्या पणजोबांच्या पिढीला एकच नाव आठवे, ते म्हणजे कोयनेल. क्विनीन या शब्दाचे हे मराठी तोंडात रुळलेले रूप. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत पोस्टाच्या तिकिटांबरोबर कोयनेलची पुडीही एका पैशाला मिळू लागली, आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. ही पुडी कोणत्या देशातल्या कोणत्या झाडापासून निघते आणि किती हातांतून फिरून आपल्यापर्यंत येते, असा प्रश्न ती विकत घेणाऱ्याला पडण्याचे कारण नव्हते. पुडी मिळत होती, ताप उतरत होता. मार्च १९४२ मध्ये मात्र हा प्रश्न एकाएकी साऱ्या जगापुढे उभा राहिला, कारण जगाला लागणाऱ्या क्विनीनच्या सालीपैकी ९० टक्क्यांहून अधिक साल ज्या एका बेटावरून येत होती, ते बेट आठ-नऊ दिवसांत शत्रूच्या हाती गेले.

‘पुरवठा साखळी’ हा शब्द २०२० च्या कोरोना साथीनंतर वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळू लागला. माल जिथे पिकतो तिथपासून तो वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंतच्या सर्व टप्प्यांची ही साखळी. तिला धक्का बसला तरी तुटू नये, तुटली तरी लवकर सांधता यावी, यासाठी काय करावे याचा विचार आज सगळीकडे चालू आहे. या विचारासाठी क्विनीनचा इतिहास फार उपयोगी आहे. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, व्यापार आहे आणि युद्धही आहे. मुख्य म्हणजे मजबूत दिसणारी साखळी आतून नाजूक कशी होत जाते, हे त्यात टप्प्याटप्प्याने पाहता येते.

अँडीजच्या जंगलातून

सिंकोना हा कॉफीच्या आणि आपल्या कदंबाच्या कुळातला वृक्ष. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे दमट उतार. त्याची साल तापावर चालते हे ज्ञान सतराव्या शतकाच्या मध्यास जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात पोहोचले. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, काउंटेस ऑफ चिंचोन, या सालीने बरी झाली आणि तिच्यावरून झाडाला नाव पडले, अशी गोष्ट अनेक पुस्तकांत आढळते. लिनियसने १७४२ मध्ये तिचे नाव झाडाला दिले हे खरे, परंतु ती या सालीने बरी झाली हा भाग ऐतिहासिक पुराव्यावर टिकत नाही.

१८२० मध्ये पॅरिस येथे पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन हे सत्त्व वेगळे काढले. त्यामुळे मोठा फरक पडला. मूठभर सालीचा काढा पिण्याऐवजी मोजून मात्रा देता येऊ लागली, आणि मागणी झपाट्याने वाढली. पुरवठा मात्र पूर्वीसारखाच होता. जंगलात जायचे, झाड तोडायचे, साल सोलायची. नवे झाड लावण्याचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळची झाडे संपत आली, आणि व्यापार हातचा जाऊ नये म्हणून तिथली सरकारे बी व रोपे बाहेर नेऊ देईनात.

हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवता येईल का? १८५६ मध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने तसा प्रयत्न केला. क्विनीनच्या रेणूत २० कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू असतात. १० कार्बन, १३ हायड्रोजन आणि १ नायट्रोजन असलेल्या पदार्थाचे दोन रेणू घेतले, त्यांत ऑक्सिजनचे तीन अणू मिळवले आणि पाण्याचा एक रेणू बाहेर काढला, तर हिशेब बरोबर जुळतो. विद्यार्थ्यांना हा हिशेब फळ्यावर करून पाहायला सांगावा. हिशेब जुळतो, पण क्विनीन मिळत नाही, कारण अणूंची संख्या कळली तरी त्यांची रचना कळत नाही, आणि त्या वेळी ती कुणालाच ठाऊक नव्हती. पर्किनला पुढे याच खटाटोपात जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. क्विनीनसाठी मात्र झाडावाचून गत्यंतर उरले नाही.

बी कुणाला मिळाले

ज्यांची साम्राज्ये हिवतापाच्या प्रदेशात पसरली होती, त्या डच आणि इंग्रज सरकारांनी झाडच आपल्या मुलखात आणायचे ठरवले. डचांनी १८५२ मध्ये हासकार्लला पाठवले आणि जावा बेटावर लागवड सुरू केली. इंग्रजांनी १८५९ मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम याच्यावर हे काम सोपवले. त्याच्या मोहिमेतील रिचर्ड स्प्रूस याने एक्वादोरमधून तांबड्या सालीच्या सिंकोनाचे बी व रोपे मिळवली. ती उटकमंडला पोहोचली आणि विल्यम मॅकआयव्हरने निलगिरीत त्यांचे मळे उभे केले. थोड्याच काळात दार्जिलिंगच्या बाजूस मुंगपू येथेही लागवड झाली. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारने सिंकोना लावून पाहिला होता. पावसाळ्यात अतोनात पाऊस आणि पुढे सात-आठ महिने कोरडे, हे हवामान वर्षभर दमटपणा मागणाऱ्या या झाडाला मानवले नाही आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

डचांची सुरुवातही फसलेलीच होती. त्यांनी दहा लाखांहून अधिक झाडे लावली, ती चांगली वाढलीही. पण ती अशा जातीची होती की तिच्या सालीत क्विनीन जवळजवळ नव्हतेच. झाड जोमदार दिसते म्हणून औषधही भरपूर असेल असे नाही, हे रासायनिक पृथक्करण केल्यावरच कळले.

१८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या हाती बोलिव्हियातील एका उत्तम जातीचे बी आले. ते शोधून आणणारा होता मान्युएल इंक्रा मामानी हा तिथला आदिवासी सालवाला. कोणते झाड किती गुणाचे, हे त्याला पानाफुलांवरून ओळखता येई. लेजरने बी लंडनला भावाकडे पाठवले, पण इंग्रज सरकारने ते घेतले नाही. डचांनी त्यातले सुमारे एक पौंड विकत घेतले. उरलेले हिंदुस्थानातील एका मळेवाल्याने घेतले, पण त्यातून फारसे काही उभे राहिले नाही. जावातील झाडे मोठी झाल्यावर त्यांच्या सालीची परीक्षा झाली, तेव्हा क्विनीनचे प्रमाण ८ ते १३ टक्के भरले. निलगिरीतील तांबड्या सालीत ते दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असे. आणि मामानी? बी बाहेर दिल्याच्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकून मारहाण झाली, आणि १८७१ मध्ये तो मरण पावला. जगाच्या पुढच्या सत्तर वर्षांच्या क्विनीनमागे या माणसाची पारख होती.

साखळी अरुंद होत गेली ती अशी

डचांना नुसते चांगले बी मिळाले म्हणून ते जिंकले असे समजणे बरोबर नाही. त्यांनी प्रत्येक झाडाच्या सालीचे पृथक्करण केले, हलकी झाडे काढून टाकली, आणि लेजरच्या नाजूक जातीचे कलम तांबड्या सालीच्या काटक खुंटावर बांधले. हे उत्तम शेतीविज्ञान होते. परिणामी जावाची साल इतकी सरस व स्वस्त झाली की तिच्यापुढे कुणी टिकेना.

सिलोनचे उदाहरण पाहा. तिथे १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि मळेवाल्यांनी घाईने सिंकोना लावला. १८८० च्या दशकाच्या मध्यास सिलोनहून वर्षाला एक कोटी पौंडांहून अधिक साल बाहेर जात होती. बाजार सालीने भरून गेला, भाव कोसळले, आणि मळेवाल्यांनी झाडे उपटून तिथे चहा लावला. हिंदुस्थानातील खाजगी मळेही असेच बंद पडले. निलगिरी आणि दार्जिलिंगचे सरकारी मळे तेवढे उरले, तेही व्यापारी हिशेबाने नव्हे, तर सरकारला हिवतापाचे औषध आपल्या हाती असावेसे वाटत होते म्हणून.

१९१३ मध्ये जावाचे मळेवाले आणि युरोपातील क्विनीन कारखानदार यांनी करार करून भाव ठरवायला सुरुवात केली. या व्यवस्थेचे कार्यालय ॲमस्टरडॅमला होते. १९३० च्या दशकात चित्र असे होते : पश्चिम जावातील बांडुंग शहराभोवतीचे काही डोंगरउतार, बांडुंगचा कारखाना, जहाजे, ॲमस्टरडॅमची गोदामे आणि मग सारे जग.

या प्रवासात कुणी मूर्खपणा केला का? प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय तपासला तर तो शहाणपणाचाच दिसतो. डच शास्त्रज्ञांनी उत्तम जात निवडली. सिलोनच्या मळेवाल्याने तोट्याचे झाड काढून नफ्याचे लावले. औषध विकत घेणाऱ्याने स्वस्त आणि शुद्ध माल पसंत केला. अशा शेकडो शहाण्या निर्णयांची बेरीज मात्र घातक निघाली. साखळी स्वस्त होत गेली आणि त्याच वेळी अरुंदही होत गेली. स्वस्ताई रोज दिसते. अरुंदपणा धक्का बसेपर्यंत दिसत नाही.

शिवाय या साखळीत एक कडी अशी होती की तिला घाई चालत नाही. सिंकोनाचे झाड साल देण्याजोगे व्हायला साधारण सात ते दहा वर्षे लागतात. मागणी आज दुप्पट झाली तर पुरवठा दुप्पट व्हायला दशक जाणार.

मद्रासचा विसरलेला निष्कर्ष

या साखळीला पर्याय होता का? होता, आणि तो फार आधी आपल्याच देशात सापडला होता. सिंकोनाच्या सालीत क्विनीनशिवाय आणखी तीन प्रमुख सत्त्वे असतात : क्विनिडीन, सिंकोनिडीन आणि सिंकोनीन. तांबड्या सालीत क्विनीन थोडे, पण ही इतर सत्त्वे भरपूर. ती तापावर चालतात का, हे पाहण्यासाठी १८६६ मध्ये मद्रास सरकारने एक आयोग नेमला. एकूण २४७२ रुग्णांवर चारही सत्त्वे वापरून पाहण्यात आली, आणि फक्त २७ जणांना गुण आला नाही. दर हजारी अपयशाचे प्रमाण असे भरले : क्विनिडीन ६, क्विनीन ७, सिंकोनिडीन १०, सिंकोनीन २३.

आजच्या कसोटीने हा प्रयोग कच्चा म्हणावा लागेल. हिवतापाचा परजीवी लाव्हराँने पाहिला तो १८८० मध्ये, त्यामुळे या साऱ्या रुग्णांना हिवतापच होता असे सांगता येत नाही. काही ताप आपोआपही उतरले असतील. तरीही चारही सत्त्वे कामाची आहेत, हा निष्कर्ष पुढील अनुभवाने खरा ठरला. १८७० च्या दशकात मुंगपू येथे चारही सत्त्वांचे मिश्रण तयार होऊ लागले. त्याला सिंकोना फेब्रिफ्यूज म्हणत. ते शुद्ध क्विनीनपेक्षा बरेच स्वस्त पडे.

परंतु वैद्यांना आणि श्रीमंत रुग्णांना शुभ्र, शुद्ध क्विनीन हवे असे. मिश्रण म्हणजे गरिबांचे औषध, असा समज रुजला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस राष्ट्रसंघाच्या हिवताप आयोगाने अशाच मिश्रणाला टोटाक्विना या नावाने पुन्हा पुढे आणले, कारण जगातील बहुसंख्य रुग्णांना शुद्ध क्विनीन परवडतच नव्हते. म्हणजे हलकी साल देणारे झाडही उपयोगी आहे, हे साठ वर्षे माहीत होते. ‘शुद्ध क्विनीन म्हणजेच औषध’ हे प्रमाण मानल्यामुळे मात्र जावाबाहेरच्या झाडांना बाजारात किंमत राहिली नाही. साखळी अरुंद करण्यात आपण ठरवलेल्या प्रमाणांचाही वाटा असतो.

मार्च १९४२

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड जिंकले आणि ॲमस्टरडॅमची गोदामे त्यांच्या ताब्यात गेली. १ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा जावावर उतरल्या आणि आठवड्याभरात डचांनी शरणागती पत्करली. साखळीची दोन्ही टोके शत्रूकडे गेली. महिन्याभराने, ९ एप्रिलला, फिलिपीन्समधील बटान येथे अमेरिकन व फिलिपिनो सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. भूक आणि हिवताप यांनी ते सैन्य आधीच खिळखिळे झाले होते, आणि क्विनीन संपत आले होते.

मग धावाधाव सुरू झाली. अमेरिकेने वनस्पतिशास्त्रज्ञांची पथके कोलंबिया, एक्वादोर, पेरू या देशांत पाठवली. तीनशे वर्षांपूर्वीप्रमाणे पुन्हा जंगलात जाऊन झाडे शोधायची. फरक एवढाच की आता सालीची परीक्षा करायला प्रयोगशाळा होत्या. लाखो पौंड साल मिळाली, पण तिच्यात क्विनीनचे प्रमाण थोडे. इथे टोटाक्विना उपयोगी पडले, कारण चारही सत्त्वे एकत्र घेतली की हलकी सालही वाया जात नव्हती. कर्नल आर्थर फिशर या अधिकाऱ्याने फिलिपीन्समधील मिंदानाओ बेटावरच्या मळ्यातून सिंकोनाचे बी विमानाने बाहेर काढले. ते अमेरिकेत रुजवून रोपे कोस्टारिकात लावली गेली. प्रयत्न धाडसाचा होता. परंतु ती झाडे साल देण्याजोगी होण्याआधीच युद्ध संपले. झाडाचे घड्याळ युद्धाच्या घड्याळाने चालत नाही.

१९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी क्विनीनच्या संश्लेषणाचा मार्ग दाखवला, आणि पर्किनचे स्वप्न जवळजवळ पुरे झाले. त्याचा गाजावाजा खूप झाला, पण तो मार्ग इतका लांबलचक होता की त्याने कारखाना चालवणे शक्य नव्हते.

मदत कुठून आली

खरी मदत आली ती वेगळ्याच बाजूने, आणि तिची बीजे आधीच्या एका टंचाईत होती. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीला क्विनीन मिळेनासे झाले. पूर्व आफ्रिकेतील जर्मन सैन्याने अमानी येथील संशोधन केंद्राच्या मळ्यातील सालीवर कसेबसे भागवले. हा चटका लक्षात ठेवून जर्मन रसायनशास्त्रज्ञ युद्धानंतर झाडाशिवाय बनणाऱ्या औषधाच्या मागे लागले. क्विनीनची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी त्यांनी परजीवीवर तेच काम करणारा, पण बनवायला सोपा असा वेगळा रेणू शोधला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस मेपाक्रिन तयार झाले. अमेरिकेत त्याला ॲटाब्रिन म्हणत.

युद्धात मित्रराष्ट्रांना याच औषधाने तारले. ते सहजासहजी स्वीकारले गेले नाही. त्याने कातडी पिवळी पडे, पोट बिघडे, आणि पुरुषत्व जाते अशी अफवा सैनिकांत पसरली होती. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली यांनी स्वयंसेवक सैनिकांवर काटेकोर प्रयोग करून दाखवले की रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी नेमाने घेतली तर हिवताप आटोक्यात राहतो. मग गोळी घेतली की नाही हे पाहणे ही सेनाधिकाऱ्यांची जबाबदारी झाली. पर्यायी औषध कारखान्यात तयार असणे पुरेसे नव्हते. त्याची मात्रा ठरणे आणि माणसांचा त्यावर विश्वास बसणे, या कड्याही जोडाव्या लागल्या.

हान्स अँडरझागने १९३४ मध्ये बनवलेले आणखी एक द्रव्य माणसाला फार विषारी म्हणून जर्मनीतच बाजूला पडले होते. १९४३ मध्ये ट्यूनिस येथे त्याच्या एका भावंडाचे नमुने मित्रराष्ट्रांच्या हाती लागले आणि त्या मार्गाने मूळ द्रव्याची नव्याने तपासणी झाली. ते द्रव्य म्हणजे क्लोरोक्विन. युद्धानंतरची दोन दशके हिवतापाचे मुख्य औषध तेच होते.

किंमत कुणी मोजली

ही हकीकत साधारणपणे रसायनशास्त्राचा विजय म्हणून सांगितली जाते. परंतु साखळी तुटली आणि नवी बनली, या मधल्या काळात कुणाचे काय झाले हेही पाहिले पाहिजे.

हिंदुस्थान आपल्या गरजेचे बरेचसे क्विनीन बाहेरून आणत असे. निलगिरी आणि मुंगपूचे मळे होते हे आपले भाग्य, पण त्यांचा आवाका देशाच्या गरजेपुढे तोकडा होता. रवींद्रनाथ ठाकूर आपल्या अखेरच्या वर्षांत ज्या मुंगपूला जाऊन राहत, तेच हे कोयनेलच्या कारखान्याचे गाव. युद्ध सुरू झाल्यावर उपलब्ध औषधावर पहिला हक्क सैन्याचा आला. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्या दुष्काळातील मृतांचे अंदाज १५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत आहेत, आणि मृत्यूंच्या कारणांत हिवतापाचा वाटा सर्वांत मोठा होता. उपासमारीने खंगलेल्या, गाव सोडून भटकणाऱ्या माणसांत ताप वणव्यासारखा पसरला. क्विनीन काळ्या बाजारात गेले, त्यात भेसळ झाली. दुष्काळाची कारणे अनेक होती आणि केवळ क्विनीन असते तर तो टळला असता असे मुळीच नाही. पण ज्या प्रांतात टपाल कचेरीत एका पैशाला पुडी मिळत होती, तिथेच ती सर्वांत जास्त गरजेच्या वेळी मिळाली नाही.

यातून एक नियम दिसतो. साखळी तुटते तेव्हा तुटवडा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. तो साखळीच्या शेवटच्या टोकाला, ज्याच्या हाती पैसा आणि सत्ता कमी, त्याच्याकडे सरकतो.

तोच आकार पुन्हा

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख लोक मरत, असा अंदाज आहे. १९५३ पासून डी.डी.टी.च्या फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. मग डास डी.डी.टी.ला दाद देईनात, डी.डी.टी.चा पुरवठाही वेळेवर होईना, आणि १९७६ मध्ये ही संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. भिस्त पुन्हा एकाच गोष्टीवर होती.

क्लोरोक्विनचेही तेच झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात परजीवी त्याला जुमानेनासे झाले. तेव्हा मोडीत काढलेले क्विनीन पुन्हा लागले. १९६७ मध्ये चीनने सुरू केलेल्या शोधमोहिमेतून तू यूयू यांच्या गटाने एका दवण्याच्या जातीतून आर्टेमिसिनिन मिळवले. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनयुक्त जोडऔषधांची शिफारस केली, मागणी वाढली, आणि २००४-०५ मध्ये टंचाई होऊन त्याचा भाव किलोला १००० डॉलरच्या वर गेला. शेतकऱ्यांनी भरमसाट लागवड केली, २००७ मध्ये भाव २०० डॉलरच्या खाली आले, आणि शेतकऱ्यांनी पीक सोडले. सिलोनच्या सिंकोनाचीच ही पुनरावृत्ती. २०१३ मध्ये यीस्टच्या साहाय्याने आर्टेमिसिनिन बनवणारा कारखाना इटलीत सुरू झाला. दुसरा स्रोत म्हणून तो बहुमोल होता, पण पिकापासूनचे द्रव्य स्वस्त झाल्यावर तो फारसा चाललाच नाही.

हिवताप बाजूला ठेवून आपल्या राज्यातले एक उदाहरण घेऊ. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि भारतात पेनिसिलिन बनू लागले. पुढे खाजगी कारखानेही निघाले. नंतर चीनमधून येणारे पेनिसिलिन-जी इतके स्वस्त झाले की आपल्याकडचे उत्पादन एकामागून एक बंद पडले. २०२० मध्ये साथीच्या काळात ही परावलंबिता बोचली, सरकारने मूळ औषधद्रव्यांच्या उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आणली, आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागले. येथेही प्रत्येक खरेदीदाराने स्वस्त माल घेतला होता आणि त्यात त्याची चूक नव्हती.

मग करायचे काय

क्विनीनच्या इतिहासातून चार उपाय निघतात. पहिला, दुसरी जागा : मुंगपू, निलगिरी, मिंदानाओ. दुसरा, दुसरे द्रव्य : टोटाक्विना, मेपाक्रिन. तिसरा, साठा, तो एकाच गोदामात ठेवला तर काय होते हे ॲमस्टरडॅमने दाखवले. चौथा, गरजच कमी करणे, म्हणजे डास व डबकी यांचा बंदोबस्त. यांपैकी एकही उपाय एकटा पुरला नाही, आणि जे पुरले ते सारे धक्का बसण्यापूर्वी कुणीतरी उभे करून ठेवले होते. १९४२ मध्ये लावलेले झाड १९४२ च्या कामी आले नाही. १९३० च्या सुमारास शोधलेला रेणू आला.

अडचण अशी की चांगल्या दिवसांत हे उपाय उधळपट्टीसारखे दिसतात. महाग पडणारा दुसरा मळा, वापरात नसलेला साठा, बाजूला पडलेल्या द्रव्याच्या नोंदवह्या, यांचा खर्च दरवर्षी हिशेबात दिसतो आणि फायदा दिसत नाही. विम्याचा हप्ता आणि आग यांचे जे नाते, तेच इथेही आहे. हा हप्ता एकट्या मळेवाल्याने किंवा कारखानदाराने भरावा ही अपेक्षा गैर आहे. तो भरला तर बाजारात तोच बुडेल. म्हणून हा खर्च समाजाने आणि सरकारने समजून उमजून उचलावा लागतो, आणि तो नेमका कशावर करायचा हे ठरवण्यासाठी साखळी सबंध डोळ्यांपुढे असावी लागते.

इथे शाळेला करण्यासारखे काम आहे. वर्गातील मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक वस्तू द्यावी : मधुमेहाची गोळी, युरियाचे पोते, सायकलची ट्यूब, खडूचा खोका. गावातील औषध दुकानदार, खतविक्रेता, सायकल दुरुस्तीवाला यांना विचारून त्या वस्तूची साखळी जमेल तितकी मागे न्यावी आणि नकाशावर काढावी. मग दोन प्रश्न विचारावेत. यातली कोणती कडी एकाच ठिकाणी, एकाच हाती आहे? आणि ती उद्या तुटली तर आपल्या गावात पहिली झळ कुणाला लागेल? काही गटांची साखळी दोन-तीन टप्प्यांनंतर अडेल, कारण पुढचे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. ती जागा नकाशावर कोरी सोडून तिथे प्रश्नचिन्ह काढायला सांगावे. कोयनेलची पुडी घेणाऱ्याच्या मनातल्या नकाशावर बांडुंगच्या जागी असेच प्रश्नचिन्ह होते.